सेंटिनल बेटावर लस कोण नेणार?

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर लसीकरणाचे सत्र असले, की परिचारिकेचे निम्मे लक्ष व्हॅक्सिन कॅरियरवर, म्हणजे लस थंड ठेवणाऱ्या डब्यावर असते. आत कडेने चार आइस पॅक आणि मध्ये कुप्या असतात. गोवर-रुबेलाच्या कुपीत द्रावण मिसळले की चार तासांत ती वापरायची, उरलेली लस टाकून द्यायची. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, त्यामुळे त्याच बाळासाठी पुन्हा तोच घाट चढणे आले. शिवाय आशाताईंच्या हाकेला आईने ओ देणेही आलेच. अंदमानातील उत्तर सेंटिनल बेटावरच्या, बाहेरच्या जगापासून अलिप्त राहणाऱ्या लोकांशी संपर्क साधावा की नाही, असा वाद इथे कोणी काढला की मला पहिल्यांदा हा डबा आठवतो.

गोवराचा विषाणू फक्त माणसांच्या आधाराने टिकतो आणि बरा झालेला माणूस सहसा आयुष्यभर त्याच्या तावडीतून सुटतो. त्यामुळे संसर्गाची साखळी चालू राहण्यासाठी त्याला सतत नवी बाळे लागतात, आणि त्यासाठी साधारण अडीच ते तीन लाखांची वस्ती असावी लागते, असे साथशास्त्रज्ञ मानतात. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती. सेंटिनलवासीयांची संख्या ५० ते २०० असावी, असा अंदाज आहे. एवढ्याशा समूहात गोवर मूळ धरू शकत नाही, पण एकदा बाहेरून शिरला की आजीपासून नातवापर्यंत कोणीच सुरक्षित नसते. हा वंशाचा दुबळेपणा नव्हे. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर, युरोपीय वंशाच्या सुमारे ७,८०० लोकांपैकी सहा हजारांच्या आसपास लोकांना गोवर झाला. पानुम या डॅनिश डॉक्टरला असे आढळले, की ६५ वर्षांपूर्वीच्या साथीत ज्यांना तो होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही.

शिवाय सारे घर एकाच वेळी आडवे पडले, तर पाणी कोण आणणार आणि तान्ह्याला दूध कोण पाजणार? अशा साथींत विषाणूइतकीच ही आबाळही जीव घेते.

अंदमानला याचा अनुभव आहे. १८७७ मध्ये ग्रेट अंदमानी लोकांत गोवराची साथ आली. एकेकाळी काही हजार असलेला तो समाज आज पन्नासेक माणसांवर आला आहे. १८८० मध्ये पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्याने सेंटिनलवरून एक वृद्ध जोडपे आणि चार मुले पोर्ट ब्लेअरला नेली. सारेच आजारी पडले, जोडपे दगावले आणि मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडण्यात आले. त्या मुलांबरोबर बेटावर आणखी काय गेले असेल, याची नोंद कोण ठेवणार? अंदमानातल्याच जारवा जमातीचे लोक १९९७ च्या सुमारास जंगलातून आपणहून बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवर पसरला.

उलट बाजू पोकळ आहे असे नाही. किम हिल आणि रॉबर्ट वॉकर या मानवशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये असे मांडले, की एकाकी छोटे समूह दीर्घकाळ तगणे कठीण आहे आणि अपघाताने होणाऱ्या संपर्कापेक्षा डॉक्टरांसह, ठरवून केलेला संपर्क बरा. अॅमेझॉनच्या जंगलासाठी मला हे बरेचसे पटते, कारण लाकूडतोडे तिथे कसेही पोहोचतात. पेरूमध्ये १९८४ नंतर नाहुआ लोकांपैकी जवळपास निम्मे अशाच संपर्कानंतरच्या आजारांत गेले. सेंटिनलभोवती मात्र समुद्र आहे, आदिवासी जमातींच्या संरक्षणाचा १९५६ चा कायदा आहे आणि गस्त घालता येते. ४ जानेवारी १९९१ रोजी याच लोकांनी पाण्यात उतरून सरकारी पथकाच्या हातून नारळ घेतले, तरी पुढे काही वर्षांनी प्रशासनाने अशा भेटी बंद केल्या, आणि तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. संपर्क म्हणजे एका दिवसाची भेट नव्हे. त्यानंतर पिढीभर लस थंड ठेवून पोहोचवणारी शीतसाखळी, दुभाषी आणि मुक्कामी डॉक्टर लागतात. त्यांची भाषा तर बाहेर कोणालाच येत नाही, मग दुसऱ्या डोसची तारीख सांगणार कशी?

मार्च २०२५ मध्ये एक अमेरिकन तरुण हवा भरलेल्या होडीतून गुपचूप तिथे गेला आणि किनाऱ्यावर एक नारळ व शीतपेयाचा एक डबा ठेवून परतला. त्याला नंतर अटक झाली. इन्फ्लुएंझाचा विषाणू गुळगुळीत धातूवर चोवीस तासांहून अधिक काळ तग धरू शकतो.