चाकं, रबरी पट्टे आणि काळी माती : दाब मोजण्यामागची पार्श्वभूमी

नागपूरच्या शिवारात ट्रॅक्टर जुनाच. पण जड यंत्राखाली माती किती दबते हा प्रश्न इथे खरा तापला तो पंजाबची हार्वेस्टर सोयाबीन काढायला येऊ लागल्यावर, तेही ऑक्टोबरात, परतीच्या पावसाची ओल जमिनीत असताना.

मोजायची साधनं त्याच्या कितीतरी आधीची. मातीत शंकू दाबून तिचा विरोध मोजणारा पेनेट्रोमीटर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास लष्करी वाहनांसाठी आकाराला आला. शेतीने तो नंतर उचलला. शंकू ३० अंशांचा, वेग सेकंदाला ३ सेंटिमीटर. रीडिंग २ मेगापास्कलपुढे (मेगापास्कल हे दाबाचं एकक, १००० किलोपास्कलचं) गेलं की बहुतेक पिकांची मुळं अडतात. १९५० च्या दशकात जर्मनीतल्या अभ्यासातून दुसरी गोष्ट पुढे आली: वरच्या थरावरचा ताण मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो, खोलवरचा ताण अॅक्सलवरच्या (चाकांच्या आसावरच्या) एकूण वजनावर.

आजचा वाद आहे तो ‘सरासरी दाब’ या आकड्याचा. चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणारं हार्वेस्टर विकताना हाच आकडा पुढे केला जातो. समजा यंत्र साडेतीन टनांचं आहे आणि दोन पट्ट्यांपैकी प्रत्येक ४५ सेंटिमीटर रुंद, १६० सेंटिमीटर लांब टेकतो. वजन भागिले क्षेत्रफळ, उत्तर सुमारे २४ किलोपास्कल. हिशेब बरोबर आहे, पण पट्टा सगळीकडे सारखा टेकतच नाही. वजन खालच्या रोलरमधून उतरतं. रोलरखाली दाब सरासरीच्या काही पट चढतो, दोन रोलरांमध्ये पडतो. यंत्राचा तोल मागे गेला की मागचे रोलर आणखी भार घेतात. मातीची घडण मोडते ती या चढलेल्या दाबाने, आणि सरासरीत नेमका तोच लपतो. म्हणून मातीतला ताण मोजणारे सेन्सर १५, ३५ आणि ५५ सेंटिमीटरवर पुरावे लागतात. खड्डा यंत्राच्या वाटेच्या बाजूला खणून आडव्या भोकातून ते आत सरकवायचे, म्हणजे वरची माती हलत नाही. सेन्सरभोवती पोकळी राहिली तर ताण कमी दिसतो आणि यंत्र विनाकारण निर्दोष सुटतं.

चाकांच्या यंत्राचा पुढचा आणि मागचा अॅक्सल धरमकाट्यावर वेगवेगळा तोलावा, धान्याची टाकी भरलेली असताना. रिकाम्या टाकीची चाचणी ग्राह्य धरूच नये.

काळी जमीन फुगते, आकसते. म्हणून माती किती दबली हे घनतेवरून ठरवताना ओल वेगळी असेल तर दोन घनतांची तुलना निरर्थक. सिलिंडरने काढलेला नमुना १०५ अंशांवर २४ तास वाळवून घनता काढताना ओलही नोंदवायची. वाळलेल्या शेतात पेनेट्रोमीटर सगळीकडेच कडक दाखवतो आणि भेगेत गेला तर काहीच दाखवत नाही. मोजणी वाफशावरच, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी असताना, करावी. उन्हाळ्यात भेगा पडून जमीन आपसूक मोकळी होते, हा युक्तिवाद वरच्या थरापुरता बराचसा खरा आहे. खालच्या थराला तो लावणं धोक्याचं: स्वीडन, फिनलंडच्या दीर्घ चाचण्यांत दरवर्षी गोठून-वितळूनही खोल थराचा दबलेपणा वर्षानुवर्षं टिकला.

मौदा, रामटेककडच्या धानाच्या बांध्यांत गणित आणखी वेगळं. तिथे चिखलणीने पाणी धरणारा कडक थर मुद्दामच तयार होतो. यंत्र शिरण्याआधीची रीडिंग त्याच बांधीत घेतलेली नसतील, तर त्या थरातला पट्ट्यांचा वाटा किती हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.