स्प्रुअन्स विनाशिकांचे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग घ्यायचे आहेत? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

अमेरिकी नौदलाने १९७५ ते १९८३ या काळात स्प्रुअन्स वर्गाच्या ३१ विनाशिका ताफ्यात घेतल्या. शेवटची 'कुशिंग' सप्टेंबर २००५ मध्ये निवृत्त झाली. बहुतेक जहाजं सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली, तरी त्यांच्या सुट्या भागांची गरज संपली नाही. तैवानच्या चार कीलुंग विनाशिका याच सांगाड्यावर बांधल्या आहेत आणि एसक्यूएस-५३ सोनार (पाण्याखालच्या पाणबुड्या ध्वनीने शोधणारं यंत्र) त्यांच्यावरही आहे.

अर्ज भरण्याआधी भागाचा एनएसएन, म्हणजे १३ अंकी साठा क्रमांक शोधा. पहिले चार अंक वस्तूचा प्रकार सांगतात: ५९६१ म्हणजे सेमीकंडक्टर, ५९६२ म्हणजे मायक्रोसर्किट, ५८४० म्हणजे रडार. त्यानंतर बघायचा तो डीमिल कोड, म्हणजे विल्हेवाट लावताना वस्तू निकामी करायची का, हे सांगणारं अक्षर. सगळा निकाल या एका अक्षरावर लागतो, म्हणून ते कळेपर्यंत पैसे गुंतवू नका. 'ए' असेल तर वस्तू नष्ट करायची गरज नसते. 'क्यू' म्हणजे वाणिज्य खात्याच्या निर्यात-नियंत्रणाखालचा माल. तो अमेरिकेत विकता येतो, पण डीमिल कोडसोबतचा इंटिग्रिटी कोड हा आकडा ६ असेल तरच. 'डी' असेल तर पूर्ण नाश ठरलेला, मग तुमची संस्था कितीही प्रतिष्ठित असो.

सरकारी शिल्लक मालावर पहिला हक्क संरक्षण खात्याचा, मग इतर संघीय खात्यांचा, मग राज्यांमार्फत दान मिळणाऱ्या संस्थांचा. उरलेला माल लिलावात येतो.

नियंत्रित माल घेताना अंतिम-वापर प्रमाणपत्र, म्हणजे डीएलएचा (संरक्षण खात्याच्या पुरवठा संस्थेचा) फॉर्म १८२२ भरावा लागतो. खरेदीदाराची ओळख, माल कशासाठी हवा, शेवटी कोण वापरणार, देशाबाहेर जाणार का, हे त्यात लिहायचं. नुसतं 'दुरुस्तीसाठी' लिहू नका. कोणत्या यंत्राची, कुठे, कोण करणार ते लिहा. पुढे विकायचा असेल तर तसं सरळ सांगा. खोटी माहिती हा संघीय गुन्हा आहे. मंजुरी येईपर्यंत माल हलवता येत नाही.

भागाचे नियंत्रित नकाशे (तांत्रिक आराखडे) हवे असतील तर वेगळा अर्ज: डीडी फॉर्म २३४५. तो अमेरिका आणि कॅनडातल्यांसाठीच आहे. सोबत केज कोड (पुरवठादाराचा सरकारी ओळख क्रमांक) आणि व्यवसाय नोंदणीचा पुरावा तयार ठेवा. प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं.

निर्यातीचं बंधन वस्तूला चिकटलेलं असतं, विक्रेत्याला नाही. खासगी व्यापाऱ्याकडून घेतलेलं जुनं सर्किट कार्डही अमेरिकेच्या लष्करी साहित्याच्या यादीत असेल तर ते देशाबाहेर पाठवताना परराष्ट्र खात्याचा डीएसपी-५ परवाना लागतो. महत्त्वाच्या लष्करी साहित्यासाठी परदेशी ग्राहकाच्या सहीचा डीएसपी-८३, म्हणजे माल दुसऱ्याला न देण्याचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. भाग कोणत्या यादीत मोडतो याची शंका असेल तर डीएस-४०७६ भरून आधी विचारून घ्या. परदेशी नागरिकाला अमेरिकेतच नियंत्रित नकाशा दाखवणं, हीसुद्धा कायद्याने निर्यात ठरते. छोट्या कार्यशाळांनी हे फार जपावं.

परवान्याचे सगळे कागद, त्याची मुदत संपल्यावरही, पाच वर्षं सांभाळायचे असतात.