फेसबुकवरील व्यवसायाचे पेज: मालकी, पडताळणी आणि लागणारी कागदपत्रे

व्यवसायाचे फेसबुक पेज बहुधा घरातील किंवा कार्यालयातील कोणीतरी एक जण आपल्या वैयक्तिक खात्यातून उघडतो आणि त्या पेजचा ताबा नकळत त्याच्याकडेच राहतो. पुढे तो काम सोडून गेला किंवा त्याचे खाते हॅक झाले, तर वर्षानुवर्षे जमवलेले ग्राहक समोर असूनही व्यवसायाला स्वतःच्याच पेजवर एक ओळ लिहिता येत नाही. हे टाळण्याची सोय उपलब्ध आहे, पण ती सेटिंग्जमध्ये इतकी आत आहे की अडचण आल्याशिवाय तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

पहिले काम म्हणजे मेटाच्या (फेसबुक चालवणाऱ्या कंपनीच्या) संकेतस्थळावर व्यवसायाच्या नावाने बिझनेस पोर्टफोलिओ, म्हणजे व्यवसायाची पेजेस आणि जाहिरात खाती एकत्र सांभाळण्याची जागा, तयार करणे आणि पेज त्यात जोडणे. यासाठी अर्जदाराकडे फेसबुकचे वैयक्तिक खाते आणि त्या पेजचे पूर्ण नियंत्रण असावे लागते. एका पेजची मालकी एका वेळी एकाच पोर्टफोलिओकडे राहू शकते, त्यामुळे जाहिरातीचे काम पाहणारी संस्था ‘आमच्या पोर्टफोलिओत जोडून घेतो’ म्हणाली, तर त्यास मान्यता देऊ नये. त्याऐवजी त्या संस्थेच्या पोर्टफोलिओचा ओळख क्रमांक घेऊन तिला भागीदार म्हणून जोडावे. तिला ठरावीक कामांपुरताच प्रवेश मिळतो, मालकी आपल्याकडेच राहते आणि पासवर्ड कोणालाही सांगावा लागत नाही.

प्रवेशाचेही दोन प्रकार आहेत, आणि माझ्या मते ही सर्वांत उपयोगी पण सर्वांत दुर्लक्षित सोय आहे. फेसबुक ॲक्सेस मिळालेली व्यक्ती थेट पेजच्या नावाने वावरू शकते. टास्क ॲक्सेस मिळालेल्या व्यक्तीला मात्र मजकूर टाकणे, संदेशांना उत्तरे देणे, प्रतिक्रिया सांभाळणे, जाहिराती चालवणे किंवा आकडेवारी पाहणे यांपैकी नेमून दिलेलीच कामे मेटा बिझनेस सूटसारख्या (पेजचे काम सांभाळण्यासाठीच्या) साधनांतून करता येतात. संदेशांना उत्तरे देणाऱ्या सहकाऱ्याला पूर्ण नियंत्रण देण्याचे काहीच कारण नाही. पूर्ण नियंत्रण मात्र किमान दोन विश्वासू व्यक्तींकडे असावे आणि दोघांनीही आपापल्या खात्यांना टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डनंतर ओळखीची आणखी एक खात्री) लावलेले असावे.

यानंतर येते व्यवसाय पडताळणी. नावाशेजारची निळी खूण आणि ही पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा व्यवसाय कायदेशीररीत्या अस्तित्वात आहे आणि अर्जदाराचा त्याच्याशी खरोखर संबंध आहे, एवढेच पडताळणीत तपासले जाते. अर्ज पोर्टफोलिओच्या सिक्युरिटी सेंटरमधून करावा लागतो. तेथील बटण अनेकांना निष्क्रिय दिसते, परंतु तो बिघाड नसतो; जी साधने वापरण्यासाठी पडताळणी आवश्यक आहे त्यांची गरज निर्माण झाल्यावरच हा पर्याय खुला होतो.

अर्जात व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि संकेतस्थळ भरावे लागते. पुरावा म्हणून व्यवसाय नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा परवाना, कर नोंदणीचे प्रमाणपत्र, बँकेचे खातेपत्रक, वीज किंवा दूरध्वनीचे देयक यांसारखी कागदपत्रे चालतात. आपल्या देशासाठी नेमकी कोणती ग्राह्य आहेत, त्याची यादी अर्ज भरतानाच दिसते. कागद अधिकृत यंत्रणेने दिलेला असावा, कारण अर्जदाराने स्वतः भरलेले विवरणपत्र पुरावा म्हणून स्वीकारले जात नाही. शेवटी ईमेल, फोन किंवा डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) यांपैकी एका मार्गाने आपला व्यवसायाशी असलेला संबंध सिद्ध करावा लागतो.

खरी अडचण नावातील फरकामुळे येते. पाटीवर एक नाव, नोंदणीत दुसरे आणि बँकेत त्याचेच संक्षिप्त रूप असेल, तर कागद खरा असूनही अर्ज परत येऊ शकतो. म्हणून पाटीवरचे प्रचलित नाव न लिहिता नोंदणीतील नाव अक्षरशः जसेच्या तसे भरावे, आणि शक्य असल्यास तेच नाव संकेतस्थळावरही दिसेल अशी व्यवस्था आधीच करावी.

एकाच व्यवसायाची चुकून दोन पेजेस झाली असतील तर ती एकत्र करता येतात. दोन्हींचे पूर्ण नियंत्रण आपल्याकडे असणे, नावे सारखी असणे आणि दोन्ही पेजेस एकाच व्यवसायाची असणे या त्याच्या अटी आहेत. प्रत्यक्ष ठिकाण असल्यास पत्ताही एकच लागतो. विलीनीकरणात फॉलोअर एकत्र होतात, परंतु बंद होणाऱ्या पेजवरील पोस्ट, छायाचित्रे आणि ग्राहकांचे अभिप्राय कायमचे पुसले जातात आणि ही कृती मागे घेता येत नाही. त्यामुळे त्या पेजच्या माहितीची प्रत आधी डाउनलोड करून ठेवावी, आणि ज्या पेजवर अभिप्राय अधिक आहेत तेच पुढे चालू ठेवावे.

नाव बदलण्याची विनंतीही पूर्ण नियंत्रण असलेल्या व्यक्तीलाच करता येते. पूर्वीची नावे आणि पेज उघडल्याची तारीख पारदर्शकतेच्या विभागात कोणालाही दिसते, त्यामुळे दुसऱ्याचे जुने पेज विकत घेऊन केवळ नाव बदलण्याचा मार्ग ग्राहकांपासून लपत नाही. पेज हटवले, तर निर्णय फिरवण्यासाठी 30 दिवसांची मुदत मिळते. ती संपल्यावर पेज परत मिळत नाही.