देवोर्गिला पूल : नाव एकीचं, दगड दुसऱ्यांचे

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, डम्फ्रीज गावात निथ नदीवर एक जुना दगडी पूल आहे. त्यावरून फक्त पायी जाता येतं. नाव देवोर्गिला पूल, पण हा पूल काही देवोर्गिलाने बांधलेला नाही. गॅलोवे प्रांताची ही वारसदार १२९० साली वारली आणि दगडी पुलाचं काम झालं १४३०च्या दशकात. त्याआधी, १२७०च्या सुमारास, तिने इथे लाकडी पूल घातला होता असं परंपरा सांगते.

तरी नाव चिकटलं ते तिचंच, आणि त्यात नवल नाही. नवरा गेल्यावर तिने त्याचं हृदय हस्तिदंती पेटीत घालून जन्मभर जवळ बाळगलं आणि शेवटी ते तिच्याबरोबरच पुरलं गेलं. तिने १२७३ मध्ये स्थापलेल्या मठाला म्हणूनच स्वीटहार्ट अ‍ॅबी म्हणतात. ऑक्सफर्डचं बेलिअल कॉलेज कायमच्या उत्पन्नाची सोय लावून मार्गी लावलं तेही तिनेच. मुलगा जॉन स्कॉटलंडचा राजा झाला. नातू जॉन कॉमिन मात्र १३०६ मध्ये याच डम्फ्रीजच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये, पुढे स्कॉटलंडचा राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसच्या हातून मारला गेला. असल्या बाईपुढे पंधराव्या शतकातल्या गवंड्यांची नावं कोण लक्षात ठेवणार?

खुद्द त्या गवंड्यांचं कामही फारसं उरलेलं नाही. १६२०च्या पुरात पुलाचा बराचसा भाग वाहून गेला आणि तो नव्याने बांधावा लागला. कमानी मुळात नऊ होत्या, आज सहा आहेत. पण बाकीच्या तीन पुराने नेल्या नाहीत. १७९४ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला नवा पूल झाला, गाड्या तिकडे वळल्या आणि हा पायवाटेपुरता उरला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाकडच्या काठावर जागा हवी म्हणून पूल त्या बाजूने चक्क छाटला. त्यामुळे गावातून येताना आज पायऱ्या चढून पुलावर जावं लागतं. पूर्वी इथूनच गाड्या ये-जा करत, हे त्या पायऱ्या पाहून पटत नाही.

पलीकडचं टोक जास्त बघण्यासारखं आहे. तिथे १६६०चं लाल वालुकाश्माचं घर थेट पुलाला चिकटून बांधलंय. एके काळी तिथे खाणावळ होती, आता संग्रहालय आहे. आत जुनं स्वयंपाकघर आणि दातांच्या डॉक्टरचा जुना दवाखानासुद्धा मांडलेला आहे. तो काठ १९२९ पर्यंत डम्फ्रीजमध्ये मोडतच नव्हता. मॅक्सवेलटाऊन हे वेगळं गाव होतं, त्यामुळे पूल ओलांडला की माणूस दुसऱ्या गावात पोचायचा.