जीनियस: एका शब्दाची जन्मकथा

‘जीनियस’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला असला, तरी त्याचे कूळ मराठी वाचकाला अगदीच परके नाही. ‘जन्म देणे’ या अर्थाच्या ‘गिग्नेरे’ या लॅटिन क्रियापदाशी तो जोडलेला आहे, आणि ते क्रियापद व संस्कृतमधील ‘जन्’ हा धातू एकाच इंडो-युरोपीय मुळातून निघाले आहेत. म्हणजे जनक, जन्म आणि जीवशास्त्रातले जनुक ही सगळी जीनियसची भावकीच होय.

प्राचीन रोममध्ये मात्र जीनियस म्हणजे बुद्धिमान माणूस नव्हे. प्रत्येक पुरुषासोबत जन्मापासून वावरणारी एक रक्षक देवता असते, अशी रोमनांची श्रद्धा होती आणि तिला ते जीनियस म्हणत. स्त्रियांच्या अशाच देवतेला जूनो हे नाव होते. वाढदिवसाला या देवतेपुढे मद्य आणि धूप अर्पण करीत. पाँपेईतील घरांच्या देवघरांत डोक्यावरून वस्त्र घेतलेला, नैवेद्य अर्पण करणारा जीनियस आणि त्याच्या खाली सर्प अशी भित्तिचित्रे आजही पाहता येतात. जागेलाही जीनियस असे. आपल्याकडच्या स्थानदेवतेची येथे आठवण होते. थोडक्यात, जीनियस प्रत्येकालाच असे, त्यात कर्तृत्वाचा प्रश्न नव्हता.

उपजत बुद्धीसाठी लॅटिनमध्ये ‘इंगेनियम’ हा वेगळा, पण त्याच मुळाचा शब्द होता. त्याच्या अर्थाची छाया पुढे जीनियसवर पडली आणि अठराव्या शतकापर्यंत सोबतची देवता माणसाच्या आत शिरून त्याचा असामान्य गुण बनली. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 मध्ये तर कलेला नियम घालून देणारी नैसर्गिक देणगी अशी जीनियसची व्याख्या केली. आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्रज्ञ भट्टतौताच्या नावाने सांगितली जाणारी ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’ (नवनवे उन्मेष फुलवणारी प्रज्ञा म्हणजे प्रतिभा) ही व्याख्या त्याच्या कितीतरी शतके आधीची आहे. ‘प्रतिभा’ हा शब्द मात्र जन्माशी नव्हे, तर प्रकाशणे या अर्थाच्या ‘भा’ धातूशी नाते सांगतो.

विज्ञानाने या शब्दाला हात घातला आणि खरा गोंधळ झाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1869 मध्ये नामवंतांच्या वंशावळी तपासून जीनियस आनुवंशिक असतो, असा निष्कर्ष काढला. नामवंत घराण्यातील मुलाला शिक्षण आणि ओळखीही वारशाने मिळतात, ही बाब त्याने फारच हलकी लेखली. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुइस टर्मनने 1916 मध्ये जीनियस ठरवण्यासाठी बुद्ध्यंकाची (आयक्यूची) 140 ही रेषा आखली. 1921 पासून त्याने उच्च बुद्ध्यंकाची 1,500हून अधिक मुले निवडून त्यांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांच्यापैकी कोणालाही नोबेल मिळाले नाही. चाचणीत कमी पडल्यामुळे वगळलेल्या मुलांमधील विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ यांना मात्र अनुक्रमे 1956 आणि 1968 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.