दुसरी प्रत कुणाच्या हातात?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्यात तळमजल्यावरच्या एका ऑफिसचे सर्व्हर मी तेव्हा सांभाळायचो. बॅकअप, म्हणजे डेटाची दुसरी प्रत, रोज रात्री चुंबकीय टेपवर निघायचा आणि टेपा सर्व्हरशेजारच्याच लोखंडी कपाटात, खालच्या खणात राहायच्या. पाणी ओसरल्यावर खण ओढला तर डब्यांतून गाळ आला. मूळ डेटा गेला, प्रतही गेली.

टेपची सवय जुनी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या, फाइली एकत्र बांधणाऱ्या टार या प्रोग्रामचं नावच ‘टेप आर्काइव्ह’वरून पडलं, १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून ते आहे. प्रत लांब ठेवायची तर टेप कुणीतरी पिशवीतून न्यायची, कारण लाइनवरून पाठवणं परवडत नव्हतं. मुंबईत सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, तेही डायलअपवर. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक हे फाइली दुसऱ्या मशीनवर पाठवायचं साधन आणलं. त्यातली युक्ती अजूनही मला सुंदर वाटते. पलीकडचं मशीन आपल्या जुन्या फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाचे दोन चेकसम (तुकड्यातल्या डेटावरून काढलेले छोटे आकडे) पाठवतं, एक झटपट निघणारा आणि एक पक्का. इकडचं मशीन नव्या फाइलवरून एकेक बाइट सरकत तेच तुकडे शोधतं आणि न सापडलेला भागच पाठवतं. शंभर एमबीच्या फाइलमध्ये चार ओळी बदलल्या तर जवळपास तेवढंच लाइनवरून जातं.

मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने एस-थ्री ही इंटरनेटवरून डेटा साठवायची सेवा सुरू केली आणि लांबची जागा भाड्याने मिळू लागली. इथेच एक गैरसमज रुजला, तो आजही रोज भेटतो: ‘डेटा क्लाउडवर आहे, म्हणजे बॅकअप आहेच.’ क्लाउडवाले डिस्क बिघडण्यापासून वाचवतात. तुमच्याच लॉगिनने कुणी डिलीट दाबलं तर ते हुकूम पाळतात. जून २०१४ मध्ये प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउडच्या कंट्रोल पॅनलमध्ये खंडणीखोर शिरला. डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच खात्यात होते. त्याने बहुतेक सगळं पुसलं आणि कंपनी बंद पडली. कुर्ल्याचं कपाटच ते, फक्त पाण्याऐवजी पासवर्ड.

बॅकअपची आजची ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघड असलेली, साधनं याच काळातली. निक क्रेग-वूड यांचं आरक्लोन वेगवेगळ्या क्लाउडांशी एकाच पद्धतीने बोलतं. अ‍ॅटिक या जुन्या बॅकअप साधनापासून २०१५ मध्ये बोर्ग वेगळं झालं. त्याच सुमारास अलेक्झांडर नॉयमन यांचं रेस्टिक पुढे आलं. बोर्ग आणि रेस्टिक फाइलचे तुकडे पाडतात, तोच तुकडा पुन्हा साठवत नाहीत, आणि कुलूप घालतात, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा डेटा करतात, ते तो मशीनबाहेर पडण्याआधी. साठवणाऱ्याला आत काय आहे ते दिसत नाही. प्रत कोणत्या रचनेत ठेवली आहे तेही उघड लिहिलेलं असल्यामुळे उद्या विक्रेता उठून गेला तरी ती उघडता येते. माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा गुण आहे.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा डेटा निकामी करणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा न्हावा शेव्याला, जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. त्यानंतर प्रश्न बदलला. प्रत आहे का, यापेक्षा ती कोण पुसू शकतं, हे लोक विचारू लागले. नोव्हेंबर २०१८ मध्ये एस-थ्रीला ऑब्जेक्ट लॉक आलं: ठरवलेली मुदत संपेपर्यंत ती प्रत पुसता येत नाही. रेस्टिकच्या सर्व्हरलाही ‘फक्त भर घाला, जुनं पुसू देऊ नका’ असं सांगता येतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) २०१६ चं, हैदराबादचं थेट नोव्हेंबर २०२२ चं. मधली वर्षं दुसरी प्रत देशातच, पण मुंबईबाहेर हवी असेल तर दुसरा क्लाउड किंवा स्वतःच्या डिस्का शोधाव्या लागायच्या. रेस्टिकमध्ये त्यासाठी प्रत जिथे ठेवायची तो पत्ता तेवढा बदलायचा.

या साधनांत एक गोष्ट मात्र निष्ठुर आहे: पासवर्ड हरवला तर प्रत कुणालाच उघडता येत नाही, रेस्टिक लिहिणाऱ्यांनाही नाही. आमचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून दादरला बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे. दर मे महिन्यात, पावसाआधी, आम्ही जाऊन तो आणतो आणि कोऱ्या लॅपटॉपवर सगळा डेटा परत उतरवून बघतो.