हंपी, दिव्या आणि पटाशेजारचं घड्याळ

जुलै २०२५, जॉर्जियातलं बटुमी, बुद्धिबळाच्या महिला वर्ल्ड कपची फायनल. एकीकडे ३८ वर्षांची कोनेरू हंपी, समोर आपली नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. क्लासिकलचे (भरपूर वेळाचे) दोन्ही डाव बरोबरीत, रॅपिडचा (कमी वेळाचा) पहिलाही बरोबरीत, आणि दुसऱ्यात हंपी वेळ संपत आल्यावर चुकली आणि काळी मोहरी घेऊन खेळणारी दिव्या जिंकली (आणि थेट ग्रँडमास्टर झाली, त्या किताबासाठी एरवी लागणारा नॉर्म, म्हणजे स्पर्धेतली ठराविक कामगिरी, आधी एकही हातात नसताना!). आता हंपी म्हणजे सात महिन्यांपूर्वीच न्यूयॉर्कला रॅपिडची वर्ल्ड चॅम्पियन झालेली बाई, त्यामुळे फास्ट खेळायची सवय नाही वगैरे इथे चालणारच नाही. मग घड्याळ नेमकं करतं काय?

१९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी (हो, आडनाव खरंच चेस) खेळाडूंना डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवून झाकली. मास्टरने बरीचशी मोहरी परत जागेवर लावली, नवख्याला चार-पाचच जमली. पण मोहरी कशीही विस्कटून ठेवली की मास्टरची हवा जवळपास गुलच. म्हणजे त्यांची मेमरी अफाट असते असं नाही, ओळखीचे पॅटर्न दिसतात. यावरून बऱ्याच जणांना वाटलं की मोठा खेळाडू पॅटर्नवरच खेळतो, वेळ कमी पडला तरी काय बिघडतं.

बिघडतं. शाब्री आणि हर्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी मोनाकोच्या अँबर स्पर्धेतले ग्रँडमास्टरांचे डाव कॉम्प्युटरने तपासले. तिथे रॅपिड आणि ब्लाइंडफोल्ड दोन्ही व्हायचं, ब्लाइंडफोल्डमध्ये समोर नुसता रिकामा पट. क्लासिकलपेक्षा रॅपिडमध्ये चुका जास्त आणि मोठ्या निघाल्या, पण मोहरी दिसत नसताना चुका रॅपिडपेक्षा फारशा वाढल्या नाहीत! पट डोक्यात असतोच, पण 'मी इथे, ती तिथे, मग मी...' हा हिशोब करायला मिनिटंच लागतात.

बटुमीत क्लासिकलला पहिल्या ४० चालींना ९० मिनिटं होती, रॅपिडला अख्ख्या डावाला १५, वर चालीमागे १० सेकंद. २०२३ ला दुबईत सुरू झालेली ग्लोबल चेस लीग पण रॅपिडच, प्रत्येक टीममध्ये दोन बायका, आणि पांढऱ्याने जिंकलं की ३ पॉइंट, काळ्याने ४, बरोबरीला फक्त १. त्यामुळे काळी घेऊन बसलेली बरोबरीतला डावही ओढत राहणार, तेही नेमका हिशोबाला वेळ उरलेला नसताना. आणि कॉमेंटेटर ओरडणार, अरे ही साधी चाल दिसली नाही? त्याच्या समोर इंजिन (चाली सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) चालू असतं हो.